दवाखाना आणि घर यांच्या मधले दिवस

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. टाके सुकत आलेले असतात, ताप नसतो, रिपोर्ट बरे असतात. राउंडला आलेले सर्जन म्हणतात, ‘‘आमच्या बाजूनं सगळं छान आहे, उद्या घरी न्या.’’ आणि पलंगाशी उभ्या असलेल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. आई अजून एकटीनं कुशीवर वळत नाही. बाथरूमपर्यंत न्यायला दोन माणसं लागतात. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतरही असंच घडतं. जिवाचा धोका टळतो, खाट रिकामी करायची वेळ येते, पण वडिलांचा उजवा हात अजून मांडीवर निपचित पडलेला असतो.

या मधल्या दिवसांसाठी पुनर्वसन केंद्र असतं. पुण्यामुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत अशी केंद्रं आता बरीच निघाली आहेत. काही मोठ्या रुग्णालयांना जोडलेली आहेत, काही स्वतंत्र आहेत, आणि काही वृद्धाश्रमांनीच दारावर तशी पाटी लावली आहे. तिथं आई-वडिलांना ठेवताना बहुतेक मुलांच्या मनात पहिली भावना येते ती अपराधाची: आपण त्यांना घरी न नेता ‘कुठंतरी ठेवलं’. ही भावना मी समजू शकतो, पण ती चुकीच्या समजुतीवर उभी आहे. पुनर्वसन केंद्र हे घराला पर्याय म्हणून नसतं. घरी परतण्याची तयारी करून घेणारी ती जागा आहे आणि त्या तयारीत मुलांचा वाटा फार मोठा असतो. तो नेमका कोणता, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

म्हातारं माणूस एकदा अंथरुणाला खिळलं की पुन्हा उठत नाही, ही समजूत जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही. 1935 साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता आणि पुष्कळ जण वर्षानुवर्षं खाटेवर होते. मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंनी त्यांना एकेक करून तपासलं. अनेकांच्या बाबतीत मूळ आजारापेक्षा पडून राहण्यानंच अधिक नुकसान केलं होतं. वॉरनबाईंनी वॉर्डात उजेड वाढवला, भिंतींचे रंग बदलले, माणसांना खाटेतून उतरवलं, व्यायाम सुरू केले. बरेच जण पुन्हा हिंडू-फिरू लागले, काही जण घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची एक मोठी शाखा या वॉर्डातून वाढली.

आपल्याकडे या कामाची एक मुळी मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलात सापडते. 1950 साली कमला निंबकर यांनी तिथं ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. जन्मानं त्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी; निंबकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा पुष्कळांना ठाऊक असते. ज्या बाईंचं नाव त्या शाळेला आहे, त्यांच्यामुळेच आज एखादी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आजींना एका हातानं ब्लाउजचे हूक लावायला शिकवते, हे सांगितलंच पाहिजे. पुढं 1955 मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था उभी राहिली, ती आजही काम करते आहे.

केंद्रात काम करणाऱ्यांची ढोबळ विभागणी अशी: उठणं, उभं राहणं, चालणं, तोल सांभाळणं हे फिजिओथेरपिस्टकडे, जेवणं, अंघोळ, कपडे, पूजा, स्वयंपाक अशी रोजची कामं ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, बोलणं आणि गिळणं स्पीच थेरपिस्टकडे. या तिघांच्या बरोबरीनं डॉक्टर, नर्स आणि मावशी-मामा. यातल्या गिळण्याच्या कामाबद्दल नातेवाइकांना फार कमी माहिती असते, त्यावर पुढं येतोच.

सगळ्यांची घाई एकाच गोष्टीची असते: माणसाला खाटेतून बाहेर काढणं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी 67 वर्षं वयाच्या निरोगी माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला, मुख्यतः स्नायूंचा, सुमारे 1 किलो भाग झडला. ही माणसं धडधाकट होती. ना फ्रॅक्चर, ना झटका. म्हणजे ऑपरेशननंतर ‘जरा विश्रांती घेऊ दे, अंगात ताकद आली की चालेल’ असं आपण प्रेमानं म्हणतो, तेव्हा ती ताकद रोज कमी होत असते. तरीही उलट टोकाला जाऊ नये. झटक्यानंतरच्या पहिल्या 24 तासांतच रुग्णाला वारंवार आणि जोरात उठवून-चालवून पाहिलं, तर काय होतं, हे तपासणारा मोठा अभ्यास 2015 मध्ये आला. पाच देशांतले दोन हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते, आणि जास्त मारा केलेल्या गटाचं उलट थोडं नुकसानच झालं. किती आणि कधी, हे ठरवण्याचं काम त्यातल्या जाणकारांवर सोडावं.

आता मुलांकडे वळू.

आपल्याकडे आई-वडिलांची सेवा म्हणजे त्यांना काही करू न देणं. ताट हातात, पाणी हातात, चप्पल पायाशी. केंद्रात हीच सवय आड येते. आजी ब्लाउजचे हूक लावत बसल्या आहेत, वीस मिनिटं झाली, चार लागले, पाचवा सुटतोय. भेटायला आलेल्या लेकीला ते बघवत नाही. ‘‘आई, राहू दे, मी लावते.’’ दोन मिनिटांत हूक लागतात, आणि त्या दिवसाचा त्या हाताचा सगळा व्यायाम संपतो. थेरपिस्टबाईंनी ती वीस मिनिटं मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. आजी दमतात, चिडतात, कधी रडतातही. पण पाचवा हूक स्वतः लावला, की दुसऱ्या दिवशी सहाव्याला हात घालतात. अशा वेळी शेजारी बसून राहणं हे अत्यंत अवघड काम आहे. हातांना काहीतरी चाळा घ्या: शेंगा सोला, मटार सोला, पण हूक लावू नका.

मदत कुठं थांबवायची आणि कुठं करायची, हे थेरपिस्टला विचारून घ्यावं. ‘ट्रान्सफर’ हा शब्द तिथं रोज कानावर येतो. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर जाणं. ते कसं करवून घ्यायचं, हे त्यांच्या देखत दोन-चार वेळा स्वतः करून शिकावं. ‘‘आजी, आधी पुढं सरका. पाय मागं घ्या. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर. आता उठा.’’ एवढंच बोलायचं, ओढायचं नाही. झटका आलेल्या माणसाला लुळ्या हाताला धरून उठवणं, ही घरोघरी होणारी गोष्ट खांद्याला कायमची इजा करू शकते. त्या हातातली ताकद गेल्यामुळं खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो. आधार द्यायचा तो पाठीला, किंवा कमरेला बांधायच्या पट्ट्याला.

खुब्याचा बॉल बदलला असेल, तर सर्जन अनेकदा काही आठवडे तो सांधा काटकोनापलीकडे वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असं सांगतात. म्हणजे जमिनीवर मांडी नाही, पाट नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही, आणि वाकून खालची पिशवी उचलणं नाही. आई ‘‘पूजा खुर्चीवर बसून कशी करू?’’ असं विचारते, तेव्हा तिच्या दृष्टीनं तो सांध्याचा प्रश्न नसतो. देवघर उंच टेबलावर आणून ठेवलं, तर हा गुंता सुटतो, आणि हे सुचण्यासाठी घरचंच माणूस लागतं.

आणि आता ते गिळणं. झटक्यानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडते. पाणी, चहा, ताक असे पातळ पदार्थ घशात वेगानं उतरतात आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातात. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून स्पीच थेरपिस्ट काही काळ घट्ट केलेलं पाणी किंवा मऊ लगदाच द्यायला सांगतात. वडील हात जोडून म्हणतात, ‘‘एक घोट चहा दे रे, मग मेलो तरी चालेल.’’ मुलाला राहवत नाही, तो फ्लास्क उघडतो. हा चहा प्रेमाचा असतो आणि धोक्याचाही. त्याऐवजी स्पीच थेरपिस्टला गाठून सांगावं, ‘यांना चहा हवाच आहे, काय करता येईल?’ चहासुद्धा घट्ट करून, चमच्यानं, सरळ बसवून, हनुवटी किती खाली ठेवायची हे बघून देता येतो का, याची ते तपासणी करू शकतात.

इथं एक अभ्यास आठवतो, कारण तो आपल्याच देशातला आहे. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. भारतातल्या 14 रुग्णालयांतले झटका आलेले 1250 रुग्ण त्यात होते. निम्म्यांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली गेली आणि त्यानं ते घरी चालू ठेवायचं ठरलं. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच, 47 टक्के, होतं. थेरपिस्ट दुर्मीळ असलेल्या देशात कुटुंबच त्यांची जागा घेईल, ही मोठी आशा होती, ती फळाला आली नाही.

मला या निष्कर्षात मुलांसाठी एक सुटका दिसते. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून, ऑफिसला दांड्या मारून फिजिओ व्हायची धडपड आपण करतो आणि बाबांचा हात उठला नाही, की स्वतःला दोष देतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे, त्यासाठी पैसे खर्च करावेत. कुटुंबाकडे वेगळं काम आहे, जे केंद्रातला कोणीही करू शकत नाही: हा माणूस आधी कोण होता, हे सांगण्याचं.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खाटेशी लावावं. पडण्याआधी आई रोज भाजी आणायला जायची की घरातच काठीनं फिरायची? ऐकू कोणत्या कानानं येतं? कवळी रात्री काढते का? कोणत्या नावानं हाक मारली, तर पटकन बघते? घरी मालवणी बोलते की अहिराणी? पहाटे चारला उठायची सवय आहे का? थेरपिस्टनं ‘दोन पावलं चालल्या’ असं समाधानानं लिहावं आणि त्या आजी महिन्यापूर्वी रोज पर्वतीच्या पायऱ्या चढत असाव्यात, असं घडू नये.

याच कागदाचा उपयोग गोंधळलेल्या रात्रींत होतो. ऑपरेशननंतर किंवा जागा बदलल्यावर अनेक वयस्कर माणसं अचानक भरकटतात. बाबा संध्याकाळी ‘‘चला, गाडी चुकेल’’ म्हणून उठू लागतात, भिंतीवर मुंग्या दिसतात, सुनेला ओळखत नाहीत. घरचे हादरतात; वेड लागलं, असंच वाटतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वेदना, झोपमोड, पाणी कमी पडणं, एखादं औषध अशी कारणं त्यामागं असू शकतात. म्हणून अशी भरकट अचानक सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना सांगावं. अमेरिकेत शॅरन इनॉय यांनी 1999 साली 852 वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवस-वार सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, दिवसा चालवणं, एवढ्या गोष्टी नेटानं केल्या, तर डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. घरचा चष्मा, घरचं घड्याळ आणि मराठी पंचांगाचं कॅलेंडर या वस्तू पहिल्याच दिवशी पिशवीत टाकाव्यात.

मन खचण्याविषयीही बोलायला हवं. झटका आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं नंतर नैराश्यात जातात. ‘बाबा आळशी झालेत, व्यायामाला नाही म्हणतात’ अशी तक्रार करण्याआधी ही शक्यता तपासून घ्यावी. त्यावर उपचार आहेत. शिवाय लाज असते. आयुष्यभर ज्यांनी मुलांसमोर सदरा काढला नाही, त्यांना मुलानं डायपर बदलणं सोसत नाही. आणि कित्येक घरांत ते काम न विचारता सुनेच्या माथी येतं. आईची अंघोळ कोणी घालावी, हे आईला विचारावं. मुलग्यांनी हे शिकावं, असं माझं ठाम मत आहे. नोकरी करून, मुलांचे डबे भरून, संध्याकाळी केंद्रात धावणारी सून महिन्याभरात कोसळते, आणि मग घरी दोन रुग्ण होतात. भावंडांनी वार वाटून घ्यावेत, पैसे देणाऱ्यानंही आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी.

मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळुरूत असेल, तर? रात्री उशिरा फोन करून ‘‘आई, जेवलीस का?’’ विचारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा थेरपीच्या तासाला व्हिडिओ कॉलवर हजर राहावं. आई चालताना दिसते, थेरपिस्टशी दोन वाक्यं होतात. विचारायचं काय, तर ‘बार्थेल किती आहे?’ फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी 1965 मध्ये मांडलेली ही मोजणी आहे: जेवण, अंघोळ, दात-केस, कपडे, शौच, लघवी, संडासाचा वापर, खाट-खुर्ची, चालणं आणि जिना अशा 10 गोष्टींचे मिळून 100 गुण. भरतीच्या दिवशी 35, दोन आठवड्यांनी 55, असा आकडा ‘बरं आहे हो’ या उत्तरापेक्षा खूप काही सांगतो. 100 गुण मिळाले, तरी माणूस एकटं राहू शकेलच असं नाही, कारण स्वयंपाक, औषधं, बँक यांतलं काही त्यात मोजलेलं नाही.

केंद्र निवडताना चकचकीत लॉबीला भुलू नये. दुपारी चारच्या सुमारास, न कळवता जावं. किती जण खाटेत आहेत आणि किती जण बसलेले किंवा चालताना दिसतात, ते बघावं. रोज प्रत्यक्ष किती मिनिटं थेरपी, कोणाच्या हातून, रविवारी काय, रात्री नर्स किती, आठवड्याची बैठक होते का आणि त्यात घरच्यांना बोलावतात का, हे विचारावं. ‘एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, पण त्या हल्ली येत नाहीत’ हे उत्तर पुरेसं बोलकं असतं.

पैशाचा हिशेब भरतीपूर्वी करावा, कारण इथं मोठा धक्का बसतो. आरोग्य विम्याच्या कागदांत ‘एक्स्क्ल 05’ नावाचं प्रमाणित वगळण्याचं कलम असतं: केवळ विश्रांती, पुनर्वसन किंवा देखभालीसाठी झालेली भरती विम्यातून वगळलेली. रुग्णालयातल्या भरतीनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च पुष्कळ पॉलिसी देतात. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी बसते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. 70 वर्षं आणि त्यावरील वयाच्या सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, केंद्रातला लांबचा मुक्काम त्यात धरून चालू नये. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे. माहितीसाठी आणि छळ-हेळसांडीच्या तक्रारीसाठीही.

घराची तयारी मात्र भरतीच्या दुसऱ्याच आठवड्यात सुरू करावी. बाथरूमचा, संडासाचा, पलंगाचा आणि दाराच्या उंबऱ्याचा फोटो, मापासकट, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावा. वॉकर दारातून जातो का? कमोड नसेल, तर कमोड चेअर आणावी, असेल तर त्यावर उंच सीट बसवावी. भिंतीला पकडायला स्टीलचे दांडे लावावेत. टॉवेलच्या दांडीला धरून उठणं धोक्याचं, ती उचकटते. पायपुसणी आणि सुटी चटई उचलावी. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा दिवा लावावा. ब्युरोतून बाई ठेवणार असाल, तर तिला डिस्चार्जच्या आधी तीन-चार दिवस केंद्रात बोलावून थेरपिस्टच्या हाताखाली ट्रान्सफर शिकवावं. घरी आल्यावर तिचं आणि आईचं सूत जमेपर्यंत वेळ जातो. निदान उठवण्या-बसवण्याची पद्धत तरी दोघींची एक असावी.

हे सगळं करूनही काही जण पूर्ण बरे होत नाहीत. झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, नंतर मंदावते, पण थांबतेच असं नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या वयस्करांतले बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. म्हणून ध्येय काय, हे फार लवकर आणि ज्याचं शरीर आहे त्यालाच विचारावं. एका बाबांना सोसायटीच्या बाकापर्यंत जायचं असतं, दुसऱ्यांना फक्त संडासाला कोणी सोबत नको असतं. तिसऱ्यांना नातीच्या लग्नात खुर्चीत बसून का होईना, अक्षता टाकायच्या असतात. थेरपिस्टला हे कळलं, की तो व्यायामाची आखणी त्याप्रमाणे करतो: बाकासाठी तोल, संडासासाठी बसून उठणं, अक्षतांसाठी उजवा खांदा.

महिन्याभरानं फॉलोअपला जाताना फाइल, औषधांची यादी आणि वापरात असलेला वॉकर बरोबर न्यावा. त्याचे रबरी बूट झिजले आहेत का, ते तिथं बघतात. डॉक्टर बहुधा मुलाकडे बघून ‘‘कसे आहेत बाबा?’’ असं विचारतील. मुलानं खुर्ची जरा मागं घ्यावी आणि बाबांना बोलू द्यावं. वेळ लागला, शब्द अडकला, तरी.